स्वस्त विमानसेवा तुमच्या शहरात येते तेव्हा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नव्या मार्गाची घोषणा झाली की सगळ्यांची नजर आधी भाड्यावर जाते. पण जाहिरातीतलं भाडं हा या सगळ्या प्रकरणातला सर्वांत कमी भरवशाचा आकडा. त्याऐवजी वेळापत्रक नीट वाचलं, तर कंपनीचा इरादा, तुमची सोय आणि त्या मार्गाचं आयुष्य या तिन्हींचा बऱ्यापैकी अंदाज येतो. खालच्या उत्तरांत वेळापत्रक वारंवार डोकावेल ते त्यामुळेच.

कंपनी नवं शहर निवडते कशी?

शहर मोठं आहे म्हणून विमान येतं, हा समज अर्धाच खरा. कंपनीपुढचा प्रश्न वेगळाच असतो. विमान तर घेऊन ठेवलंय, त्याचा हप्ता किंवा भाडं दर महिन्याला जातंय; मग त्या विमानाचे दिवसातले मोकळे दोन-तीन तास कुठे जास्त पैसे मिळवून देतील? तुमचं शहर या शर्यतीत इतर पाच-दहा शहरांशी स्पर्धा करत असतं आणि बहुतेकदा त्याचा तुम्हाला पत्ताही नसतो.

मग आकडे पाहिले जातात. तुमच्या भागातले किती लोक आत्ता शेजारच्या मोठ्या विमानतळावर जाऊन विमान पकडतात? किती जण रात्रभर रेल्वेने किंवा बसने जातात? बाहेरगावी नोकरीला गेलेले, शिकायला गेलेले, त्यांचे नातेवाईक अशी सतत ये-जा आहे का? पर्यटक एका हंगामापुरते येतात; घरच्या माणसांना भेटायला जाणारे वर्षभर येत-जात राहतात. म्हणून स्वस्त कंपन्यांना हा दुसरा वर्ग फार प्रिय.

त्यानंतर धावपट्टीचा मुद्दा येतो. एअरबस ए३२० किंवा बोइंग ७३७ पूर्ण भरून उडवायचं तर साधारण दोन किलोमीटर किंवा त्याहून लांब धावपट्टी हाताशी असलेली बरी. हवा गरम असेल किंवा गाव उंचावर असेल तर आणखी लांब लागते. सत्तरेक आसनांचं एटीआर ७२ मात्र तेराशे-चौदाशे मीटरमध्येही काम भागवतं. एकाच प्रकारचं विमान वापरायचं हा स्वस्त कंपन्यांचा जुना नियम, पण इंडिगोने २०१७ मध्ये तो मोडून एटीआर घेतली, ती अशाच आखूड धावपट्ट्यांच्या आणि कमी प्रवाशांच्या शहरांसाठी. शिवाय विमान उभं करायला जागा, रात्री उतरण्यासाठी दिवे, पुरेसं अग्निशमन दल, इंधनाची सोय आणि इंधनावरचा कर या गोष्टी असतातच. यातल्या एकीवर घोडं अडलं तरी घोषणा वर्षानुवर्षं लांबते.

घोषणा झाली म्हणजे विमान येणारच ना?

नाही. तिकीटविक्री सुरू झाली की शक्यता पुष्कळ वाढते, इतकंच म्हणता येईल. भारतात ऑक्टोबर २०१६ मध्ये जाहीर झालेल्या, छोटी शहरं विमानाने जोडणाऱ्या 'उडान' योजनेचा हिशोब नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०२३ च्या अहवालात मांडला. बोलीच्या पहिल्या तीन फेऱ्यांत कंपन्यांना दिलेल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ मार्गांवर विमान उडालंच नाही. सुरू झालेल्या ३७१ पैकी फक्त ११२ मार्गांनी सवलतीची तीन वर्षं पूर्ण केली. त्या मार्गांना सरकारी मदतीचा आधार होता, तरी ही गत.

घोषणेत 'परवानग्या मिळण्याच्या अधीन' असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, ते वाचा. आणि तारीख पाहा. विमानाची वेळापत्रकं दोन हंगामांत बसवलेली असतात. उन्हाळी हंगाम मार्चच्या शेवटच्या रविवारी सुरू होतो आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारच्या आदल्या दिवशी, शनिवारी संपतो, उरलेला हिवाळी. नव्या मार्गाची तारीख या सांध्याला जुळत असेल तर तो नीट आखलेला आहे असं समजायला हरकत नाही. 'लवकरच' एवढंच लिहिलं असेल तर वाट पाहा, बेत आखू नका.

इतकं स्वस्त तिकीट कंपनीला परवडतं कसं?

इंधन सगळ्यांना जवळपास त्याच भावाने मिळतं आणि विमानंही त्याच दोन-तीन कारखान्यांतून येतात. मग फरक पडतो कुठे? विमान जमिनीवर किती वेळ उभं राहतं, तिथे.

अमेरिकेतल्या साउथवेस्टने जून १९७१ मध्ये डॅलस, ह्यूस्टन आणि सॅन अँटोनिओ या तीन शहरांत सेवा सुरू केली. पुढच्याच वर्षी पैशांची चणचण भासली, चारातलं एक विमान विकावं लागलं. वेळापत्रक मात्र चार विमानांचंच ठेवलं आणि ते तीन विमानांत बसवण्यासाठी दहा मिनिटांत विमान परत उडवायचा पायंडा पाडला. पुढे सगळ्या जगाने उचललेली ही युक्ती अशी अडचणीतून निघाली. आज मोठ्या विमानांना दहा मिनिटं पुरत नाहीत; पंचवीस ते तीस मिनिटं हे चांगलं काम मानलं जातं.

ती पंचवीस मिनिटं खिडकीतून बघण्यासारखी असतात. चाकांना अडसर लागतो न लागतो तोच पुढच्या-मागच्या दोन्ही दारांना शिड्या भिडतात. पुढचे प्रवासी पुढून, मागचे मागून उतरतात. उजव्या पंखाखाली इंधनाची नळी जोडलेली, पोटातून बॅगा निघत असलेल्या, आणि मागच्या रांगेतला शेवटचा माणूस अजून वरच्या कप्प्यातली पिशवी शोधत असतानाच हवाई सुंदरी कचऱ्याची थैली घेऊन खुर्च्यांमधून फिरत असते. आयर्लंडच्या रायनएअरने तर खुर्चीमागचा खिसाच काढून टाकला. खिसा नाही, तर त्यात कोंबलेले कागद काढण्यात वेळही जात नाही. वैमानिक तोवर बाहेर एक फेरी मारून टायर, इंजिनाची तोंडं पाहून येतो.

हिशोब साधा आहे. दिवसात सहा वेळा उतरणाऱ्या विमानाचे दर वेळी वीस मिनिटं वाचले तर दोन तास हाती येतात. म्हणजे आणखी एक छोटी फेरी. त्याच विमानात, त्याच हप्त्यात.

बाकीची बचत आसनांतून येते. दोन वर्गांच्या मांडणीत ए३२० मध्ये दीडशेच्या आसपास माणसं बसतात. स्वस्त कंपनी तिथे १८० ते १८६ बसवते. अनेक देशांत पन्नास आसनांमागे एक कर्मचारी असा नियम आहे, त्यामुळे १५१ असोत की १८६, चारच लागतात. कर्मचारी शक्यतो रात्री स्वतःच्या घरी परततात, हॉटेलचा खर्च टळतो. गुडघे समोरच्या खुर्चीला का टेकतात, याचं उत्तर यातच आलं.

मग पैसे भरताना रक्कम दुप्पट का होते?

कारण 'पासून' हा शब्द. जाहिरातीतलं भाडं विमानातल्या मोजक्या आसनांना लागू असतं. ती संपली की पुढची पायरी, मग त्याच्या पुढची. एकाच रांगेतल्या तिघांनी तीन वेगळे दर मोजलेले असतात आणि त्यात बेकायदा काही नाही.

त्यावर चढतात चेक-इन बॅग, आवडीचं आसन, आधी चढण्याचा मान, जेवण, विमा. काही कंपन्यांत विमानतळावर बोर्डिंग पास छापून घ्यायचेही पैसे. कित्येक स्वस्त कंपन्यांच्या उत्पन्नाचा तिसरा हिस्सा या जोडखर्चांतूनच येतो, काहींचा त्याहूनही जास्त. बॅगा फुकट नेऊ देण्याचा दशकानुदशकं मोठा गाजावाजा करणाऱ्या साउथवेस्टनेही २८ मे २०२५ पासून काढलेल्या तिकिटांवर चेक-इन बॅगेचे पैसे घ्यायला सुरुवात केली.

तिकीट काढताना घाई करू नका. आसननिवडीच्या पानावर 'पुढे' किंवा 'वगळा' हे बटण कोपऱ्यात, फिकट रंगात असतं. पैसे घेणारं बटण ठळक, मधोमध. बॅग लागणारच असेल तर ती तिकिटासोबतच घ्या, काउंटरवर तिचा दर कित्येकदा दुपटीच्या पुढे जातो. केबिन बॅगेचं वजनच नव्हे, मापही घरी टेपने मोजा. चाकं आणि दांडा धरून. फाटकापाशी ठेवलेल्या लोखंडी सांगाड्यात बॅग बसली नाही तर तिथल्या कर्मचाऱ्याशी हुज्जत घालून काही होत नाही.

तुलना करायची तर सगळे जोडखर्च धरून, आणि घरापासून मुक्कामाच्या दारापर्यंतची. बॅग आणि जेवण धरल्यावर नेहमीच्या कंपनीचं तिकीट स्वस्त पडतं, असंही बरेचदा दिसतं.

मंगळवारी रात्री तिकीट स्वस्त मिळतं, खरं का?

नाही. प्रवास कोणत्या दिवशी करता याने फरक पडतो, तिकीट कोणत्या वारी काढता याने सहसा नाही. आठवड्याच्या मधले दिवस आणि अडनिड्या वेळा स्वस्त. सुट्ट्यांच्या तोंडावर वाट बघत बसू नका.

विमानतळ शहरापासून इतका लांब का?

मोठ्या विमानतळावर जागा मिळत नाही किंवा परवडत नाही म्हणून. गर्दीच्या विमानतळांवर उतरण्या-उडण्याच्या वेळा, म्हणजे स्लॉट, वाटून दिलेल्या असतात. ज्याने गेल्या हंगामात आपल्या वेळेपैकी किमान ८० टक्के वापर केला, त्याच्याकडेच ती पुढच्या हंगामात राहते. नव्याने येणाऱ्याच्या वाट्याला पहाटेचे किंवा मध्यरात्रीचे उरलेसुरले स्लॉट.

त्यावर रायनएअरने काढलेला तोडगा प्रसिद्ध आहे: शहराचं नाव घ्यायचं आणि विमान लांबच्या, रिकाम्या पडलेल्या विमानतळावर उतरवायचं. 'फ्रँकफर्ट-हान' हा विमानतळ फ्रँकफर्टपासून सुमारे १२० किलोमीटरवर आहे. पॅरिसच्या नावावर खपलेला बोव्हे सुमारे ८५ किलोमीटरवर. उतरल्यावर दीड-दोन तासांची बस आणि तिचं वेगळं तिकीट. तेव्हा तिकीट काढण्याआधी विमानतळाचा तीन अक्षरी कोड पाहा आणि तो नकाशावर शोधा. रात्री उशिरा उतरणार असाल तर शेवटची बस किती वाजता सुटते, तेही.

आमच्याकडून सुटायची वेळ भर दुपारची आहे. सकाळची का नाही?

कारण विमान तुमच्याकडे मुक्कामाला नसतं.

ज्या शहरात कंपनी रात्री विमान उभं करते, वैमानिक आणि कर्मचारी राहतात, तो तिचा तळ. दिवसाची पहिली फेरी तळावरून सुटते, शेवटची तळावर येऊन संपते. तळावरून सकाळी सहाला निघालेलं विमान दोन तासांनी तुमच्याकडे आलं, तर तुम्ही साडेआठच्या आधी निघू शकत नाही. मधे आणखी एखादं शहर घेऊन आलं तर दुपार होते. याचा अर्थ असा की वेळापत्रक तिकडच्या लोकांच्या सोयीने बांधलंय: ते सकाळी तुमच्याकडे येतात, कामं उरकून रात्री परततात. तुम्हाला उलटं करायचं तर एक रात्र हॉटेलात काढावी लागते आणि तिकिटात वाचलेले पैसे तिथे जातात.

दिवसभरात साठलेला उशीरही शेवटच्या शहरांच्या माथी येतो. सकाळी कुठेतरी धुकं पडलं, की दुपारची तुमची फेरी तासभर मागे. त्यामुळे कंपनी पुढे कधी 'आमच्याकडे तळ करणार' म्हणाली, तर ती बातमी नव्या पाच मार्गांच्या घोषणेपेक्षा मोठी समजावी. विमान आणि माणसं तिथे ठेवणं हे खर्चाचं काम आहे. असं पाऊल कोणी उगाच टाकत नाही.

आठवड्यातून दोनच फेऱ्या आहेत. पुरेशा आहेत का?

सुट्टीवर जाणाऱ्याला पुरतात. कामासाठी जाणाऱ्याला नाहीत. आणि एक फेरी रद्द झाली तर पुढची तीन-चार दिवसांनी, हे लक्षात ठेवून परतीचा बेत करा.

मोठ्या शहरात उतरून पुढचं विमान पकडायचं आहे. जमेल?

दोन्ही फेऱ्या एकाच तिकिटावर असतील तर जमेल. वेगवेगळी तिकिटं असतील तर सांभाळून.

बहुतेक स्वस्त कंपन्या एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी एवढाच प्रवास विकतात. तुमची बॅग पुढच्या कंपनीकडे सोपवत नाहीत. उतरायचं, बॅग घ्यायची, बाहेर यायचं, पुन्हा रांगेत लागायचं. आंतरराष्ट्रीय प्रवासात तर बाहेर येण्यासाठी त्या देशाचा व्हिसाही लागू शकतो. पहिलं विमान उशिरा आल्यामुळे दुसरं चुकलं, तर दुसऱ्या कंपनीच्या लेखी तुम्ही आलाच नाहीत. तिकीट वाया, आणि परतीचा टप्पा त्याच तिकिटावर असेल तर तोही बहुधा रद्द. अशा जोडणीत मधे पाच-सहा तास ठेवावेत. फारच महत्त्वाचं काम असेल तर आदल्या दिवशीच पोचावं.

उड्डाण रद्द झालं तर काय हक्क आहेत?

ते तुम्ही कोणत्या देशातून निघता यावर अवलंबून आहे. युरोपीय संघाचा २००४ चा २६१ क्रमांकाचा नियम सगळ्यांत ठणठणीत: पैसे परत किंवा दुसरी सोय, यातली निवड प्रवाशाची, १४ दिवसांच्या आत कळवून रद्द केलं तर अंतरानुसार २५० ते ६०० युरो भरपाई. वादळ वगैरे कंपनीच्या हाताबाहेरचं कारण असेल तर भरपाई नाही, पण जेवण आणि मुक्कामाची सोय करावीच लागते. संघातल्या विमानतळावरून निघणाऱ्या कोणत्याही कंपनीला हा नियम लागू आहे आणि तिकीट किती स्वस्त होतं याचा भरपाईशी संबंध नाही. अमेरिकेत उड्डाण रद्द झालं आणि तुम्ही पर्याय नाकारला तर पैसे परत मिळतात, उशिराबद्दल अशी ठराविक भरपाई मात्र कायद्याने बांधलेली नाही. इतरत्र त्या त्या देशाच्या विमान वाहतूक नियामकाच्या संकेतस्थळावर हक्कांची यादी असते.

एक व्यवहारी गोष्ट: कंपनी पैसे परत न देता 'क्रेडिट' देऊ करते तेव्हा घाईने 'स्वीकारा' दाबू नका. एकदा दाबलं की रोख परताव्याचा हक्क बहुधा गेला.

स्वस्त म्हणजे कमी सुरक्षित?

परवाने, वैमानिकांच्या तपासण्या, देखभालीची वेळापत्रकं सगळ्यांना सारखीच. रायनएअर १९८५ पासून उडते आहे आणि तिच्या एकाही अपघातात प्रवाशाचा जीव गेलेला नाही. एकाच प्रकारची विमानं असण्याचा इथे फायदाच होतो: वैमानिकाला आणि मेकॅनिकला तेच यंत्र रोज हाताळायची सवय असते.

याची दुसरी बाजूही आहे. मे १९९६ मध्ये अमेरिकेत व्हॅल्यूजेटचं विमान फ्लोरिडाच्या दलदलीत कोसळून ११० जण दगावले. मालाच्या कप्प्यात चुकीने ठेवलेल्या ऑक्सिजन-निर्मितीच्या डब्यांनी पेट घेतला होता. कंपनी झपाट्याने वाढत होती, देखभाल बाहेरच्या ठेकेदाराकडे होती आणि नियामकाचं त्यावर पुरेसं लक्ष नव्हतं. म्हणून तिकिटाच्या किमतीऐवजी त्या देशाचा नियामक किती कडक आहे, ते बघावं. युरोपीय संघ काळ्या यादीत टाकलेल्या विमान कंपन्यांची नावं जाहीर करतो, ती कोणालाही पाहता येतात.

जुन्या कंपन्यांची भाडी उतरतील का?

बहुधा हो, आणि हा फायदा स्वस्त कंपनीच्या विमानात कधीच न बसणाऱ्यांनाही मिळतो. अमेरिकेच्या वाहतूक खात्याच्या १९९३ च्या अभ्यासात यालाच 'साउथवेस्ट परिणाम' म्हटलं गेलं: ती कंपनी आली की त्या मार्गावरची भाडी उतरतात, प्रवासी वाढतात, आणि हे जवळपासच्या विमानतळांवरही दिसतं. वाढलेले प्रवासी सगळेच दुसऱ्या कंपनीकडून ओढलेले नसतात. पूर्वी घरीच बसणारेही त्यात असतात.

मात्र जुनी कंपनी भाडी कमी करून नवीला पळवून लावते आणि मग पुन्हा चढवते, हेही होतं. ब्रिटनच्या फ्रेडी लेकर यांची 'स्कायट्रेन' १९७७ मध्ये लंडन-न्यूयॉर्क मार्गावर आली, मोठ्या कंपन्यांनी भाडी पाडली, आणि १९८२ मध्ये ती दिवाळखोरीत गेली. कर्जाचं ओझं आणि मंदीही कारणीभूत होतीच.

आमचं शहर या कंपनीला पैसे देतंय म्हणे. हे योग्य आहे?

बऱ्याच ठिकाणी दिले जातात. उतरण्याचं शुल्क माफ, जाहिरातीचा खर्च वाटून घेणं, किंवा ठराविक उत्पन्नाची हमी: कमी पडलं तर फरक आम्ही भरू. अमेरिकेतल्या विचिटा शहराने २००२ मध्ये एअरट्रॅनला अशी हमी देऊन आणलं, कारण तिथली भाडी लोकांना असह्य झाली होती. एअरट्रॅन विकत घेतलेल्या साउथवेस्टने २०१३ मध्ये तिथली सेवा पुढे चालवली. उलट बेल्जियमच्या शार्लरुआ विमानतळाने रायनएअरला दिलेल्या सवलतींचा वाद युरोपीय आयोगाच्या २००४ च्या निर्णयापासून पुढे कोर्टात आणि पुन्हा आयोगात वर्षानुवर्षं चालला.

माझं मत विचाराल तर पैसे देण्यात गैर नाही. करार लपवण्यात आहे. किती वर्षं, किती रक्कम, आणि मुदतीआधी कंपनी निघून गेली तर काय परत मिळणार, हे तीन प्रश्न नगरसेवकाला जरूर विचारा. फ्रँकफर्ट-हानच्या विमानतळाला एकाच मोठ्या स्वस्त कंपनीवर विसंबणं महागात पडलं. तिने विमानं मोठ्या फ्रँकफर्टकडे वळवायला सुरुवात केली, आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये हान चालवणारी कंपनी दिवाळखोरीत गेली.

कंपनीच बंद पडली तर तिकिटाचे पैसे?

मोनार्क २०१७ मध्ये, वॉव एअर २०१९ मध्ये, गो फर्स्ट २०२३ मध्ये अशाच थांबल्या. तिकीटधारक घेणेकऱ्यांच्या रांगेत शेवटी उभा राहतो. क्रेडिट कार्डाने पैसे भरले असतील तर बँकेकडे चार्जबॅक, म्हणजे कार्डावरून गेलेली रक्कम परत, मागता येतो. रोखीने किंवा थेट खात्यातून भरले असतील तर अवघड. सहा-आठ महिने आधी तिकीट काढताना एवढी काळजी घ्याच.

मार्ग टिकेल की नाही, आधी कळतं का?

खात्रीने नाही, पण खुणा दिसतात. विमानं भरलेली आहेत एवढ्यावर जाऊ नका. सुरुवातीच्या भाड्यात विमान भरतंच. पुढच्या हंगामाची तिकिटं विक्रीला आली आहेत का, ते बघा. जवळच्या हंगामाची तिकिटं मिळतात पण त्यापुढचं काहीच दिसत नाही, ही पहिली शंका. मग आठवड्याच्या सात फेऱ्यांच्या चार होतात. मग वेळ बदलून रात्री अकराची होते. स्थानिक सवलतीची मुदत संपायला आली की हे जास्त दिसतं.

चांगल्या खुणा म्हणजे फेऱ्या वाढणं, वेळ सकाळकडे सरकणं, दुसऱ्या कंपनीने त्याच मार्गावर यायचं ठरवणं. लोकांना प्रतिस्पर्धी आला की मार्ग बुडेल अशी भीती वाटते. उलट, दुसऱ्याने पैसे लावले याचा अर्थ तिथे प्रवासी आहेत हे त्याच्याही हिशोबात दिसलं.

पहिल्याच उड्डाणाचं तिकीट काढू का?

हौस असेल तर जरूर. अग्निशमन दलाच्या बंबांची पाण्याची कमान, फीत, केक, सेल्फी, सगळं मिळेल. त्या दिवशी पुढे मुलाखत किंवा जोडविमान मात्र ठेवू नका. भाषणं लांबतात, आणि विमानतळावरचे कर्मचारी त्या विमानाचं सामान पहिल्यांदाच उतरवत असतात.